साखरखेर्ड्याची सफरचंदं आणि एक रिकामा रकाना

बुलढाणा जिल्ह्यात सफरचंदं पाहायला निघाले आहे असं सांगितलं, तेव्हा आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, मे महिन्यात तिकडे माणसाचं डोकं पिकेल, सफरचंद कसलं पिकतंय!" एरवी मी हसले असते. पण मी काही हौसेनं निघाले नव्हते. माझ्या सहीच्या एका कागदावरून तिथली झाडं तोडली गेली होती, उरलेलीही आठवड्याभरात तुटणार होती, आणि तो कागद बरोबर होता याची मला आता खात्री वाटत नव्हती.

मी फळं तपासते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी हयात गेली. फळात साखर किती, आम्ल किती, क जीवनसत्त्व किती, गर कडक की पिठूळ, हे मोजायचं आणि अहवाल लिहायचा. गेल्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याजवळच्या एका शेतातून खोकं आलं. त्यात दोन जातींची सफरचंदं होती, 'अ‍ॅना' आणि 'डोरसेट गोल्डन'. दोन्ही कमी थंडीत फळणाऱ्या, म्हणून अलीकडे आपल्याकडचे हौशी शेतकरी लावून पाहतात. अ‍ॅना लालसर, लांबोडकी. डोरसेट पिवळी, एका गालावर लाली. मी ती तपासली आणि शेऱ्यात लिहिलं: अ‍ॅना, मध्यम. डोरसेट गोल्डन, गर पिठूळ, चव फिकी, लागवडीस अयोग्य.

यंदा मे महिन्यात त्या शेताच्या मालकीणबाईंचा फोन आला. पंचशीलाताई त्यांचं नाव, गावात अंगणवाडी चालवतात.

"मॅडम, तुमच्या कागदावर पिठूळ लिहेलं हाये. मी काल झाडावरचं तोडून खाल्लं, ते तर कडक लागते. माह्या सासऱ्यानं मागंच डोरसेटची झाडं तोडली. आता बाकीची बी काढून राह्यले, पुढच्या हप्त्यात. तुम्ही एकडाव येऊन पाहा. मंग तोडा म्हणसान तर तोडू."

सत्तावीस वर्षांत मी तपासलेल्या फळाचं झाड पाहायला कधी गेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की उंटावरून उतरायचं सुचत नाही. मी रजा टाकली.

शेगाव

एवढ्या लांबच्या एसटीच्या धक्क्यांनी उपकरणं बिघडतील या भीतीनं मी रेल्वेनं शेगावला उतरले. तुलनेसाठी बाजारातली सफरचंदं हवी होती, म्हणून लॉजवर सामान टाकून फळांच्या गाड्यांकडे गेले. जाताना कचोरी खाल्ली. तिच्यातल्या मिरचीनं पुण्याच्या जिभेची परीक्षा घेतली आणि जीभ नापास झाली.

गाडीवाल्याकडे चार सफरचंदं मागितली. त्यानं ती पुसत विचारलं, "कोणता दवाखाना, मावशी?"

"दवाखाना कशाला?"

"नाही, सफरचंद घेऊन राह्यल्या म्हणून म्हटलं. कोण अ‍ॅडमिट हाये?"

कोणी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्न नसताना मुंडावळ्या विकत घेत होते. पुण्यातही आपण आजाऱ्याला सफरचंदंच नेतो, पण इथे ते आजाऱ्याचंच फळ. धडधाकट माणूस आपल्यासाठी घेत नाही. आंबा, सीताफळ, पेरू, बोरं ही खायची फळं आणि सफरचंद हे उशाशी ठेवायचं.

खोलीवर येऊन फळं कापली. कापलेल्या फोडीवर आयोडीन टाकलं की जिथे पिठी, म्हणजे स्टार्च, शिल्लक असते तिथे निळंकाळं होतं आणि जिथे तिची साखर झाली तिथे पांढरं राहतं. फळ किती तयार झालं ते यावरून कळतं. या कामात बाटली कलंडली. लॉजची चादर खळ घालून कडक इस्त्री केलेली, ती क्षणात निळीकाळी झाली. मॅनेजर वर आले, चादर पाहिली, मला पाहिलं.

"हे काय सांडलं बाप्पा?"

"औषध आहे. तुमच्या चादरीला खळ चांगली आहे, म्हणून इतकं रंगलं."

खळीचं कौतुक झाल्यानं ते जरा निवळले. म्हणाले, धोब्याला सांगतो की बाईंनी तपासून दिली आहे. त्या दिवसातलं माझं हसणं तेवढंच.

हिवरा आश्रमाचा फाटा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं खामगाव, तिथून चिखली, तिथून पुढची गाडी. दोन्ही बाजूंना नांगरून तापत ठेवलेली काळी रानं. बांधावर कडुनिंब तेवढे हिरवे, बाकी सगळं ढेकूळ. कोकणातल्या माणसाला हे उजाड वाटेल. मला ते आवडलं, कारण इथे जमीन झाकलेली नाही, जशी आहे तशी समोर आहे.

हिवरा आश्रमाला पंचशीलाताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. "जय भीम मॅडम" म्हणून त्यांनी माझी उपकरणांची पेटी आधी घेतली, मग मला चहा पाजला. आश्रमाच्या शाळेला सुट्टी होती, तरी फाट्यावर माणसांची वर्दळ होती.

चहा पिताना मी मनातला प्रश्न विचारला. "सफरचंदच का लावलं, ताई? खरं सांगायचं तर क जीवनसत्त्व पाहिलं तर तुमच्या बांधावरचा पेरू सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे. आवळ्याचं तर विचारूच नका."

"ते मी बी सांगतो न अंगणवाडीत आयांना. पेरू द्या, शेंगदाने द्या. पन पोरगं आजारी पडलं का माय चिखलीहून सफरचंदच आनते. पोरगं तापानं फणफणून राह्यलं, त्याच्या तोंडाले चव नाही, अन् ते त्याचं पहिलं सफरचंद. ते बी साल काढून." त्या कपाकडे पाहत होत्या. "माही सासू दवाखान्यातच वारली तवा उशाशी चार सफरचंदं होती. तशीच वापस आनली. मले वाटे, आपल्या गावातल्या पोरांनी हे फळ ठणठणीत असताना खाव. झाडावरून तोडून, सालीसकट."

साठ झाडं अ‍ॅनाची, वीस डोरसेटची. तीन ओळींमागे एक ओळ. रोपवाटिकावाल्यानं सांगितलं तसं लावलं, का ते त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

"मग आता डोरसेटची किती उरली?"

"एक. त्याच्याखाली पान्याचा माठ हाये. म्या म्हटलं, सावलीपुरतं तरी राहू द्या."

माझा चहा गार झाला. मला ते झाड पाहण्याआधीच पुढचं दिसायला लागलं होतं. अ‍ॅनाला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि डोरसेट तिच्याच वेळी फुलते. हे मला पाठ होतं. माझ्या अहवालात मात्र त्याचा रकाना नव्हता.

शेतात

शेत गावापासून जवळच. माठाजवळच्या त्या एकट्या डोरसेटच्या आसपास आठ-दहा अ‍ॅनाची झाडं बऱ्यापैकी लागलेली होती. जसजसं दूर जावं तसतशी फळं विरळ, आणि शेवटच्या ओळींत नुसती पानं. मधेमधे तोडलेल्या डोरसेटची गुडघ्याइतकी थुटं. ओळींतून फिरत मी ती मोजली, एकोणीस भरली.

"फुलं लई आलती," ताई म्हणाल्या. "पन गळाली. मामाजी म्हणे, फळ बी खराब अन् आता धरत बी नाही, मंग ठेवाव कायले?"

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे, सुखदेवराव. ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर, ताठ कणा, तोंडात मोजकेच दात. झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं तोडली होती, मजूर लावला नव्हता. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आधी जेवन. कागदपत्र मंग."

जेवण

घरी रस-पोळीचा बेत होता. सोबत कुरडया आणि मिरचीचा ठेचा. सुखदेवरावांनी मला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात गवताचा मोठा ढीग, वर गोणपाट.

"हात घाला मॅडम. घाला, लाजू नका."

मी हात घातला. आत ऊब होती, आजारी माणसाच्या अंथरुणात असते तशी. बोटांना आंबे लागले. ही अढी. कैऱ्या उतरवून गवतात थरावर थर लावून ठेवायच्या आणि आठ-दहा दिवसांनी पिकलेला आंबा काढायचा.

"चार गावचे लोक आमच्या अढीचा आंबा मागाले येतात," म्हातारा अभिमानानं म्हणाला. "कोणता थर कवा उलटाव ते हातालेच समजते. सीताफळ बी मीच पिकवतो. अन् तुमची सफरचंदं बी याच कोपऱ्यात ठेवली होती. आठ दिवस. डोरसेट जरा हिरवट वाटली म्हणून तिले बारा. पुण्याच्या मानसाले कच्चं फळ कसं पाठवाव? ते म्हंजे घरी बोलावून अर्धपोटी उठवनं झालं."

माझा हात गवतातच राहिला. तो वास माझ्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी खोकं उघडलं तेव्हा हाच वास आला होता, तळाशी दोन-चार काड्याही होत्या. मला वाटलं, फळांना धक्के बसू नयेत म्हणून गवत घातलं असेल.

आंबा उतरवला तरी त्याचं पिकणं बाकी असतं, म्हणून त्याला अढी मानवते. ही सफरचंदं झाडावरच खायला तयार होतात, मग गवताच्या उबेत ती नुसती म्हातारी होतात. आम्ल उतरतं, गर पिठासारखा भुसभुशीत होतो. आयोडीन टाकल्यावर त्या फोडी पांढऱ्याफटक राहिल्या होत्या, कुठेही निळा ठिपका नाही. मी लिहिलं होतं, 'पूर्ण परिपक्व.' फळ झाडावरून बारा दिवसांपूर्वी उतरलंय की काल, हे विचारलंच नव्हतं.

आमच्या नमुन्याच्या अर्जात एक रकाना असतो, तोडणीची तारीख. यांचा तो रिकामा होता. अर्जावर फोन नंबर होता. मी रकान्यात आडवी रेघ मारली आणि पुढे गेले.

जेवताना रस अप्रतिम होता, तेवढं म्हटलं. खरं बोलायचं धाडस झालं नाही. ज्या हातांनी वाढलं जात होतं त्या हातांचीच चूक सांगायची होती, आणि त्याहून मोठी माझी होती.

उन्हं उतरल्यावर

चारनंतर आम्ही तिघं पुन्हा शेतात गेलो. माठाजवळ सतरंजी टाकली. मी स्वतः झाडावर हात घालून पाच फळं डोरसेटची आणि पाच अ‍ॅनाची तोडली. कडकपणा मोजायचा काटा गरात दाबला. गेल्या वर्षी तो लोण्यात गेल्यासारखा गेला होता, यंदा त्यानं मनगटाला जोर लावायला लावला. रसाचा थेंब गोडीमापकाच्या काचेवर घेऊन साखर पाहिली. आम्ल आणि क जीवनसत्त्वासाठी नमुने बर्फाच्या डब्यात ठेवले. फोडीवर आयोडीन टाकलं, तर मधोमध पांढरी चांदणी आणि कडेनं निळी कड. तयार फळाचं हेच लक्षण.

सगळं गोड बोलण्यासारखं नव्हतं, तेही सांगितलं. अ‍ॅना रसाळ आहे, आंबटगोड आहे, पण फार टिकणार नाही. डोरसेट आकारानं लहान, चवीला मात्र दोन्हींत सरस. काश्मिरी फळासारखी महिनोन्महिने शीतगृहात ठेवायची ही फळं नाहीत. तोडा आणि खा, अशी आहेत.

"म्हंजे डोरसेट चांगली?" ताईंनी विचारलं.

"चांगली आहे. शिवाय ती नसेल तर अ‍ॅनाला फळ धरत नाही. तुमची फुलं त्यामुळे गळाली."

त्यांनी थुटांच्या ओळीकडे पाहिलं. सुखदेवराव बुंध्याला टेकून बसले होते. त्यांनी माझ्या काट्याकडे पाहिलं. मग सरळ विचारलं.

"मॅडम, माह्या अढीनं बिघडली न ती फळं?"

ताई घाईनं म्हणाल्या, "मामाजी, तसं काही नाही..."

"तू गप बस व माय. मी यायले इचारून राह्यलो."

खोटं बोलणं सोपं होतं. पण तो माणूस माझ्याकडे ज्या तऱ्हेनं पाहत होता, तसं पाहणाऱ्याशी खोटं बोलवत नाही.

"हो, बाबा. फळं अढीनं बिघडली. पण झाडं अढीनं तुटली नाहीत. झाडं माझ्या कागदानं तुटली. मी एक फोन करून विचारलं असतं, कधी तोडली, कशी ठेवली, तर तो शेरा लिहिलाच नसता."

ते मान हलवत राहिले. "पंचशीला म्हणत होती, एक वर्स थांबा. म्या ऐकलं नाही. माह्या बापाले अंगठाच येत होता. मी सातवी शिकलो, ते बी चार कोस पायी जाऊन. आमच्या घरात लिहेल्या कागदाले लई मान हाये, मॅडम. छापेल, सहीचा, शिक्क्याचा कागद. त्याले खोटं कसं म्हणाव? म्या त्याच दिशी कुऱ्हाड घेतली."

मला रडू आलं. लपवावं असंही वाटलं नाही. माझ्या सहीवर इतका विश्वास माझा स्वतःचा कधी नव्हता. त्या शेऱ्यावर सही करताना मी दुसऱ्या हातानं जेवणाचा डबा उघडत होते, इतकंच मला आठवत होतं.

थोड्या वेळानं पंचशीलाताईंनी विळ्यानं एक डोरसेट कापली. कट्कन आवाज झाला. एक फोड त्यांनी सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"जन्मात खाल्लं नाही. म्या म्हनो, आपन काय आजारी हाओ?"

मोजक्या दातांनी त्यांना ती चावायला वेळ लागला. गिळून झाल्यावर ते म्हणाले, "तुह्या सासूले हे असं भेटाले पाह्यजे होतं."

दुसरी सकाळ

उजाडताच आम्ही थुटं पाहत फिरलो. कलमाच्या जोडाच्या वर फुटवा असेल तर तो डोरसेटचा, खाली असेल तर रानटी खुंटाचा. एकोणिसांपैकी चार ठिकाणी फुटवा वर होता. सातांना खाली होता, त्यांच्यावर हिवाळ्यात या एकट्या झाडाची काडी घेऊन नवं कलम बांधता येईल. बाकीची आठ मेली होती. सुखदेवरावांनी प्रत्येक जिवंत थुटाला आपल्या जुन्या धोतराची चिंधी बांधली.

"फळ याले किती वर्सं?"

"तीन तरी."

"तवर मी नसीन," ते चिंधीची गाठ आवळत म्हणाले. त्यात गळा काढलेला नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगितलं. "बांधून तर ठेवतो."

परत निघताना अंगणात त्यांनी माझ्यासाठी सफरचंदांचं खोकं भरायला घेतलं. सवयीनं आधी तळाशी गवत घातलं, मग थांबले. गवताची मूठ हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग सगळं गवत काढून गुरांपुढे टाकलं आणि वर्तमानपत्राचे कागद चुरगाळून घातले. ताई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. आता अंगणवाडीची पोरं एका रांगेत शेतात आणीन म्हणाल्या, एका झाडामागे दोन पोरं, आजारी एकही नाही.

पुणे

पुण्यात पोचल्यावर खोकं सरळ प्रयोगशाळेत नेलं. आम्ल, साखर, क जीवनसत्त्व, सगळं पुन्हा मोजलं. नवा अहवाल लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं की मागचा शेरा चुकीचा होता आणि चूक तपासणाऱ्याची होती. आमच्या साहेबांनी भुवया उंचावल्या, असं कोणी लिहीत नाही म्हणाले. मी म्हटलं, हा कागद जिथे जाणार आहे तिथे लोक तो वाचतात.

मग अर्ज भरायला घेतला आणि तोडणीच्या तारखेच्या रकान्यापाशी आले. खोकं रिकामं करताना तळाच्या वर्तमानपत्राखाली वहीचं एक पान सापडलं होतं. शाळेत गिरवलेल्या, आता थरथरणाऱ्या मोठ्या अक्षरात त्यावर तारीख होती आणि खाली लिहिलं होतं:

'आज सकाळी सूर्य उगवल्यावर माझ्या हाताने तोडले. अढीत ठेवले नाही. सुखदेव.'

रकान्यात मी माझं अक्षर घातलं नाही. ते पान तिथे चिकटवलं आणि त्याच्या खाली सही केली.